आधी स्क्रू, मग गोळी: रायफलीवर स्कोप बसवण्याची आणि शून्य करण्याची रीत

स्कोप बसवूनही नेम लागत नाही अशी तक्रार असलेली रायफल हातात आली की आधी काच पाहू नये, स्क्रू पाहावेत. दोष भिंगात क्वचितच असतो. तो रिंगच्या, म्हणजे स्कोप धरणाऱ्या कड्यांच्या, स्क्रूंत असतो, बेसखाली (रिंग जिच्यावर बसते त्या पट्टीखाली) राहिलेल्या तेलात असतो, नाहीतर कललेल्या क्रॉसमध्ये, म्हणजे स्कोपात दिसणाऱ्या उभ्या-आडव्या रेघांत असतो. आणि तो शोधायला माणूस काडतुसं जाळत बसतो. तसं करणं आपल्याला परवडत नाही. किती काडतुसं घेता येतील हा आकडा परवान्यावर लिहिलेला असतो, थ्री-फिफ्टीनचं (.३१५ बोअरच्या रायफलीचं) एकेक काडतूस महाग, वर वापरलेल्याचा हिशेब ठेवायचा. म्हणून सगळं काम टेबलावर उरकायचं आणि गोळ्या फक्त पडताळणीला ठेवायच्या. नीट बसवलेला स्कोप नऊ-दहा गोळ्यांत शून्य होतो, म्हणजे ठरल्या अंतरावर गोळी क्रॉस असेल तिथेच लागते.

कायद्याचं आधी, थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि शिकार बंद आहे. खानापूर-जोयड्याकडे रानडुक्कर भातात, रताळ्यात, उसात शिरलं तरी परवान्याची बंदूक काढून गोळी घालता येत नाही. कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. शस्त्राची दुरुस्ती करणाऱ्यालाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपला मायक्रॉनमध्ये काम जमतं हे खरं, पण रिसीव्हरला (नळीमागच्या धातूच्या चौकटीला) भोक पाडायला रायफल तिथे न्यायची नाही, परवानाधारक गनस्मिथकडेच न्यायची. आणि परवान्यावर क्षेत्र कुठवर लिहिलंय ते वाचा. फक्त कर्नाटकापुरतं असेल तर निपाणीहून कोल्हापूरला दुरुस्तीला नेलेली रायफलसुद्धा हद्द ओलांडते.

कोणता माउंट, कोणती रिंग

रायफलीच्या पाठीवर काय आहे ते बघा. एअर रायफल आणि बऱ्याच पॉइंट टू-टू (.२२) रायफलींवर रिसीव्हरलाच कोरलेले दोन खाचे असतात, त्यांना ११ मिमी डव्हटेल म्हणतात. मोठ्या रायफलींवर वीव्हर किंवा पिकॅटिनी नावाची, आडव्या खाचांची पट्टी असते. दोन्ही सारख्याच दिसतात, पण वीव्हरची खाच सुमारे ४.६ मिमी रुंद आणि पिकॅटिनीची ५.२ मिमी. वीव्हरची रिंग पिकॅटिनीवर बसते, उलटं बसत नाही. जबरदस्तीने बसवली तर आडवा बोल्ट खाचेत न उतरता वरच टेकतो आणि दोन-चार गोळ्यांत सगळं पुढे सरकतं.

इशापूरच्या थ्री-फिफ्टीनवर यातलं काहीच नाही. रचना जुन्या ली-एनफिल्डची, मागच्या बाजूला चार्जर (काडतुसांची क्लिप) भरायचा पूल, त्यामुळे सपाट जागाच मिळत नाही. डाव्या बाजूला पट्टी बसवून त्यावरून वर येणारा साइड माउंट हा टिकाऊ मार्ग, आणि तो गनस्मिथचाच. भोक न पाडता मागच्या साइटच्या जागी अडकवायचे माउंटही विकतात. रिकॉइलपुढे, म्हणजे गोळीच्या धक्क्यापुढे, ते फार काळ दम धरत नाहीत. त्यात पैसे घालण्यापेक्षा उघडी साइट बरी.

रिंगचा व्यास ट्यूबच्या व्यासाइतकाच हवा: एक इंच म्हणजे २५.४ मिमी, नाहीतर ३० मिमी. मधलं अंतर टेप गुंडाळून भरणं चूक. उंची अशी निवडा की पुढच्या भिंगाची घंटी आणि नळी यांत २-३ मिमी फट राहील आणि रायफलीच्या बोल्टचा (काडतूस आत ढकलणाऱ्या सळईचा) दांडा उचलताना स्कोपला लागणार नाही. त्याहून उंच बसवला तर गाल दस्त्यावर टेकत नाही, हनुवटी टेकते, आणि डोकं दर वेळी वेगळ्या जागी जातं.

स्कोप घेताना मोठ्या आकड्याला भुलू नका. उसाच्या फडाच्या कडेला नजर ५०-६० मीटरच्या पलीकडे पोचतच नाही. तिथे ६-२४ पटीचा स्कोप म्हणजे नळकांड्यातून बघणं. १-४ किंवा २-७ पट पुरते. थ्री-फिफ्टीन आणि थर्टी-ओ-सिक्स (.३०-०६) रायफलींसाठी डोळा आणि काच यांतलं अंतर, म्हणजे आय रिलीफ, निदान ९० मिमी असलेलाच घ्या. नाहीतर भुवईवर अर्धगोल जखम ठरलेली.

टेबलावरचं काम

मॅगझिन काढा, बोल्ट बाहेर काढा, चेंबरमध्ये बोट घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. रायफल लाकडी चौकटीत किंवा दोन वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवा. भाताच्या तुसाची पिशवी हलकी आणि लवचिक, ती डुलते, वाळूच हवी.

बेस, बेसचे स्क्रू आणि रिसीव्हरची भोकं थिनरने किंवा स्पिरिटने स्वच्छ पुसा. इथे घाई होते. कारखान्याचं तेल आटीत राहिलं तर घट्ट पिळलेला स्क्रूही धक्क्यांनी हळूहळू सैल होतो. बेस नुसता ठेवून पुढचे स्क्रू लावा आणि मागची बाजू बघा: बेस उचलला जातोय का, खाली प्रकाश दिसतोय का? दिसत असेल तर स्क्रूने ओढून बसवू नका, बेस वाकतो आणि त्यावरचा स्कोपही वाकतो. बेस बदला. पुढच्या स्क्रूची लांबीही तपासा. एखादा मिलिमीटर जास्त असला तरी तो बोल्टच्या वाटेत येतो किंवा नळीच्या आटीवर टेकतो. बेस बसवल्यावर बोल्ट घालून पुढे-मागे करून बघा. आधी सैल आणि आता जड वाटला तर स्क्रू लांब आहे.

बेसच्या स्क्रूंना निळ्या लॉकटाइटचा (आटी धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. लाल वापरू नका, काढताना तापवावं लागतं. रिंगच्या वरच्या स्क्रूंना लॉकटाइट नको. ओलं लॉकटाइट तेलासारखं काम करतं, त्याच जोराने पिळलं तरी पकड जास्त बसते आणि ट्यूबला वळ पडतो.

पिळायचं किती ते असं. बेसचे बारीक स्क्रू २० इंच-पाउंड, म्हणजे सव्वादोन न्यूटन-मीटर. रिंगचे वरचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड, जवळजवळ दोन न्यूटन-मीटर. रिंग पिकॅटिनीवर धरणारी आडवी नट बरीच जास्त घेते, ४५ ते ६५. ॲल्युमिनियमच्या डव्हटेलवर मात्र २० ते २५ च्या पुढे जाऊ नका. माउंटसोबत कागद आला असेल तर त्यातला आकडा आधी. टॉर्क स्क्रूड्रायव्हर नसेल तर ॲलन कीचा लांब दांडा स्क्रूत घाला आणि आखूड बाजू अंगठा नि एका बोटात धरून जेवढं घट्ट होईल तेवढंच करा. लांब बाजू मुठीत धरून पिळणं हेच बहुतेक स्कोपांच्या मरणाचं कारण. ट्यूब दबली की आतली पट बदलायची नळी अडकते, टरेट (क्रॉस हलवायची चकती) फिरवला तरी क्रॉस हलत नाही, आणि दोन गोळ्यांनंतर अचानक उडी मारतो.

रिंगच्या खालच्या अर्ध्या भागात स्कोप ठेवून वरची टोपी अगदी सैल लावा, स्कोप हाताने सरकेल आणि फिरेल इतकी. आता तीन गोष्टी जुळवायच्या, त्याही याच क्रमाने.

पहिली, डोळ्याचा फोकस. स्कोप मोकळ्या आभाळाकडे धरा (सूर्याकडे चुकूनही नको) किंवा पांढऱ्या भिंतीकडे. डोळे मिटा, उघडा, दोन सेकंद क्रॉस बघा. धूसर असेल तर मागचं कडं थोडं फिरवा आणि पुन्हा. एकटक बघत फिरवत बसलात तर डोळाच जुळवून घेतो आणि फोकस खोटा बसतो.

दुसरी, आय रिलीफ. पट सगळ्यात जास्त ठेवा, कारण तिथे डोळ्याला जागा सगळ्यात कमी मिळते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल नेहमीच्या जागी टेकवा, मग डोळे उघडा. चित्र कडेपर्यंत भरलेलं दिसलं पाहिजे. भोवती काळी कड दिसली तर स्कोप पुढे-मागे सरकवा. मचाणावर बसून नेम धरणार असाल तर बसून, पडून धरणार असाल तर पडून तपासा. पडल्यावर डोकं काचेकडे सरकतं. मधोमध जागा सापडली की तिथून आणखी थोडा पुढे सरकवा.

तिसरी, क्रॉस सरळ करणं. याला आपल्याकडे गवंड्याच्या ओळंब्याइतकं चांगलं साधन नाही. फणसाच्या फांदीला किंवा पडवीच्या वाशाला, २५ मीटरवर, पांढऱ्या दोरीचा ओळंबा लटकवा. वारा असेल तर वजन पाण्याच्या बादलीत बुडवा, दोरी स्थिर राहते. रायफल पिशव्यांवर ठेवून रिसीव्हरच्या सपाट भागावर किंवा पट्टीवर छोटी बुडबुड्याची पातळी ठेवा आणि बुडबुडा मधोमध आणा. आता स्कोप फिरवून उभी रेघ दोरीवर बसवा. पातळी स्कोपच्या टरेटच्या टोपीवर ठेवून काम भागवू नका. टोपी आणि आतली रेघ एका रेषेत असतीलच याची खात्री नसते.

कल का महत्त्वाचा? रायफल कलली की गोळी त्या बाजूला आणि थोडी खाली जाते, आणि गोळी जितकी हळू तितकी चूक जास्त. सेकंदाला २०० मीटर वेगाचा एअर रायफलचा छर्रा ३० मीटरवर साधारण १३ सेंमी पडतो. रायफल ५ अंशांनी कलली तर तो सेंटिमीटरभर बाजूला लागतो. थर्टी-ओ-सिक्सला १०० मीटरवर ही चूक सेंटिमीटरच्या आतच राहते. म्हणजे एअर रायफलवाल्याने ओळंब्याची जास्त काळजी घ्यायची, आणि प्रत्यक्षात उलटंच होतं.

रेघ दोरीवर बसली की स्क्रू आळीपाळीने, तिरकस क्रमाने, अर्धा-अर्धा फेरा देत आवळा. एक बाजू आधी पिळली तर टोपी स्कोपला आपल्याकडे ओढते आणि क्रॉस पुन्हा कलतो. रिंगच्या टोपीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. गॅरेजचा फिलर गेज किंवा पत्त्याचं पान घालून बघा. शेवटी ओळंब्यावर परत नजर टाका. मग नेलपॉलिशने रिंग आणि ट्यूब यांवर एक बारीक सलग रेघ ओढून ठेवा. पुढे काही सरकलं की रेघ तुटलेली दिसेल.

गोळीशिवाय तपासणी

रायफल अजून पिशव्यांवरच आहे, बोल्ट बाहेर. २५ मीटरवर चहाच्या बशीएवढा काळा गोल लावा आणि नळीतून मागून बघून तो बरोबर मधोमध आणा. रायफल न हलवता टरेट फिरवून क्रॉस त्याच गोलावर आणा. याने पहिली गोळी कागदावर पडते. कागदाबाहेर गेलेल्या गोळीने काहीच कळत नाही, म्हणून ही दहा मिनिटं सोडू नका. टरेट शेवटपर्यंत फिरवूनही क्रॉस गोलावर येत नसेल तर बेस किंवा रिंग चुकीची बसली आहे. परत वर जा.

आता आलेख कागद. २५ मीटरवर लावा, रायफल घट्ट धरून क्रॉस एका ठळक छेदावर ठेवा. टरेट २० क्लिक (टक-टक घर) वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे फिरवा. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक २५ मीटरवर १.८ मिमी सरकवतो, म्हणजे २० क्लिकला ३६ मिमी. क्रॉस चौकोन काढून जिथून निघाला तिथेच परत आला पाहिजे. परत आला नाही, किंवा ३६ ऐवजी ५० मिमी गेला, तर हा स्कोप आत्ताच दुकानात परत करा. हेच गोळ्या झाडून शोधायला पंधरा काडतुसं जातात.

शून्य करणं

फायरआर्म, म्हणजे काडतुसाची रायफल, असेल तर रायफल क्लबच्या मान्य रेंजवरच. नळीतलं तेल कोरड्या कापडाने काढा. तेलकट नळीतली पहिली गोळी बाकीच्यांच्या जवळ पडत नाही. पुढचा दस्ता वाळूच्या पिशवीवर, नळी कशालाही टेकलेली नको. डावा हात दस्त्याच्या मागच्या टोकाखाली.

२५ मीटरवर तीन गोळ्या. एका गोळीवर टरेट फिरवू नका. तीन भोकांचा मध्य काढा आणि मोजपट्टीने मोजा. समजा मध्य ४ सेंमी खाली आहे: ४० भागिले १.८, म्हणजे २२ क्लिक वर. टरेटवरचा वरच्या दिशेचा बाण गोळी कुठे सरकेल ते सांगतो, क्रॉस कुठे जाईल ते नाही. उलट फिरवणारे पुष्कळ, आणि मग पुढची गोळी दुप्पट चुकते. पुढे १०० मीटरवर शून्य करायचं असेल तर २५ मीटरवर गोळी नेमाच्या अर्धा ते दीड सेंटिमीटर खाली राहू द्या. स्कोप नळीच्या ४ सेंमी वर असतो, गोळी खालून चढत येते.

नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. मग १०० मीटर, तीन गोळ्या. इथे पाव एमओएचा क्लिक ७ मिमी, आणि क्लिक ०.१ मिलचा (मिलिरेडियनचा) असेल तर बरोबर १ सेंमी. मध्य ६ सेंमी खाली आणि साडेतीन सेंमी उजवीकडे असेल तर ८ वर, ५ डावीकडे. फिरवल्यावर टरेटवर बोटाने हलकेच टकटक करा, स्वस्त स्कोपमधली स्प्रिंग मग जागेवर बसते. गार झाल्यावर शेवटच्या तीन. लागल्या तिथे लागल्या. सेंटिमीटरभराच्या फरकासाठी आणखी काडतुसं घालवू नका. शून्याचं अंतर, काडतुसाचा प्रकार आणि टरेटचा आकडा परवान्याच्या पुस्तकासोबत एका चिठ्ठीवर लिहून ठेवा.

एअर रायफलचं वेगळं

४.५ मिमीची, २० ज्युलपर्यंत ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय चालते, म्हणून बहुतेकांचा पहिला स्कोप हिच्यावरच बसतो आणि पहिला मोडतोही हिच्यावरच. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टन आधी मागे आणि मग पुढे धक्का देतो. मोठ्या रायफलीसाठी बनवलेला चांगला स्कोप हा पुढचा धक्का सोसत नाही, आतली भिंगं सैल होतात. 'एअरगनसाठी' असं लिहिलेलाच घ्या, आणि पुढचं भिंग १० मीटरपर्यंत फोकस होणारं असू द्या. १०० मीटरला बांधलेला फोकस १५ मीटरवर वापरला तर डोकं जरा हललं की क्रॉस टार्गेटवर फिरतो.

दोन सुट्या रिंगपेक्षा एकसंध माउंट घ्या, ज्याला खाली थांबण्याची पिन असते. रिसीव्हरला तिचं भोक असेल तर पिन त्यात उतरवा. नसेल तर डव्हटेलच्या शेवटाला टेकणारा वेगळा अडथळा लावा. नाहीतर शंभर छर्‍यांत माउंट मागे सरकतो, आणि क्लिक फिरवून फिरवून माणूस थकतो.

नळी खाली मोडून छर्रा भरायच्या रायफलीची नळी अनेकदा किंचित खाली झुकलेली असते. टरेट वर वर नेत शेवटाला पोचतो, तिथे आतली स्प्रिंग मोकळी पडते आणि नेम भटकतो. अशा वेळी मागच्या रिंगमध्ये थंड पेयाच्या डब्याचा पत्रा खाली घाला. तो साधारण ०.१ मिमी जाड असतो. रिंगमधलं अंतर १०० मिमी असेल तर एका थराने नेम २५ मीटरवर अडीच सेंमी वर जातो. दोन थरांपर्यंत ठीक. त्यापुढे ट्यूब वाकते, मग झुकाव भरून काढणारा माउंटच घ्या. या रायफलीच्या नळीतून मागून बघता येत नाही, म्हणून १० मीटरवर मोठ्या कागदापासून सुरुवात करा. पाच-पाच छर्रे, पुढचा दस्ता तळहातावर सैल ठेवून. पिशवीवर दाबून धरली तर ती उडी मारते आणि भोकं पसरतात.

टार्गेट चिऱ्याच्या भिंतीसमोर कधीच लावू नका, छर्रा उलट येतो. वाळूने किंवा भिजवलेल्या मातीने भरलेला खोका मागे हवा, आणि त्यामागे माणसांची-जनावरांची वाट नको.

पावसानंतर, आणि ठाण्यातून परत आल्यावर

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस लाकडी दस्त्यात मुरतो. लाकूड फुगून नळीला एका बाजूने दाबतं आणि जूनमध्ये शून्य केलेली रायफल ऑक्टोबरात दुसरीकडेच लागते. कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांमध्ये घालून सरकवून बघा. जिथे अडकते तिथे दाब आहे. दस्ता सुकू द्या, दस्त्याचे स्क्रू पहिल्याइतकेच आवळा, मगच टरेटला हात लावा. माउंटच्या स्क्रूंच्या डोक्यांना बाहेरून तेलाचा नुसता हात फिरवा, आत तेल जाऊ देऊ नका. काचेच्या आत धुकं दिसलं तर सील गेलं. उन्हात ठेवून जातं, पण पुढच्या पावसात परत येतं. बाहेरून धरलेली वाफ मात्र साधी, काच रुमालाने न घासता सुकू द्या.

निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रं सहसा ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करावी लागतात. तिथे रायफली एकीला एक टेकवून ठेवलेल्या असतात. जमा करण्यापूर्वी भिंगांना टोप्या लावा, शक्य असेल तर कडक पेटीत द्या. परत आल्यावर आधी नेलपॉलिशची रेघ बघा, मग स्क्रू, मग २५ मीटरवर एकच गोळी. ती जिथे लागायला हवी त्या जागेपासून दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर टरेटला हात लावू नका. बाहेर असेल तर रेघ तुटली आहे का ते परत, भिंगातून, नीट बघा.